विश्लेषण : इंग्रजी बोलताना आपण ‘आहे’पाशीच का अडखळतो?

खानावळ चालवणाऱ्या एका ताईंनी मला त्यांची वही दाखवली. दोन महिन्यांच्या ‘स्पोकन इंग्लिश’च्या क्लासमध्ये त्यांनी ती भरली होती. पहिल्याच पानावर बारा काळांचा तक्ता. पट्टीने मारलेल्या रेघा, लाल शाईने लिहिलेली सूत्रे. कोणीही आयुष्यात फारसा न वापरणारा चालू पूर्ण भविष्यकाळही त्यात होता. तक्ता त्यांना तोंडपाठ होता. पण मुलीच्या शाळेतल्या पालकसभेत बाईंनी ‘व्हॉट डज हर फादर डू?’ असे विचारले, तेव्हा त्यांच्या तोंडून निघाले, ‘हर फादर आर ड्राइव्ह टेम्पो.’ शेजारच्या खुर्चीवर कोणीतरी हसले. पुढच्या सभेला त्यांनी दिराला पाठवले.

आमच्या गावच्या वाचनालयात रविवारी सकाळी मी मोठ्या माणसांना पहिल्या पायरीचे इंग्रजी शिकवतो. फी नाही, प्रमाणपत्र नाही. येणारे बहुतेक जण दहावी-बारावी झालेले. दुकानात काम करणारे, अंगणवाडीत काम करणाऱ्या, पोलीस भरतीची तयारी करणारे, एखादे निवृत्त कंडक्टर. प्रत्येकाने आधी कुठे ना कुठे पैसे भरलेले असतात आणि प्रत्येकाला एकच खात्री असते : ‘आपलं डोकंच इंग्रजीचं नाही.’

ताईंचे ते वाक्य पुन्हा वाचा. त्यात चुका आहेत, पण त्या वाट्टेल तशा केलेल्या नाहीत. त्या मराठीच्या व्याकरणाने शिस्तीत करायला लावल्या आहेत. इंग्रजी शिकवणारे हे समजून घेत नाहीत, तोवर क्लास भरत राहतील, वह्या भरत राहतील आणि पालकसभेला दीर जात राहतील.

वडील ‘आर’, आई ‘इज’

मराठीत ‘माझे वडील शेतकरी आहेत’ म्हणतात. वडील एकच, पण क्रियापद अनेकवचनी, कारण ते आदरार्थी आहे. मराठी माणूस वडिलांना ‘आहे’ म्हणत नाही, म्हणून तो ‘माय फादर आर फार्मर’ म्हणतो. ‘सर आले आहेत’वरून ‘सर हॅव कम’ होते, तेही याच वाटेने. गंमत म्हणजे आईच्या बाबतीत ही चूक सहसा होत नाही, कारण आईला आपण एकेरीच हाक मारतो. ‘आई आहे’, म्हणून ‘मदर इज’. माझ्या वर्गात हे फळ्यावर मांडले, की आधी हशा होतो आणि मग चूक आपोआप कमी होते. नियम एका ओळीचा आहे : इंग्रजी क्रियापद माणसे मोजते, मान मोजत नाही. मान द्यायचा तो ‘सर’, ‘मिस्टर’, ‘प्लीज’ने द्यायचा.

‘माय फादर आर’ ही चूक इंग्रजी व्याकरणाच्या जाड पुस्तकांत सापडत नाही. आपल्याकडे घरोघरी असलेले रेन आणि मार्टिन यांचे 1930च्या दशकातले पुस्तक घ्या. पुस्तक उत्तम आहे, पण नावातच ‘हायस्कूल’ आहे. भाषा थोडीफार कानावर असलेल्यासाठी ते आहे. मराठी माणूस कुठे घसरतो, हे सांगायचे काम त्या पुस्तकाचे नाहीच.

एक ‘आहे’, कितीतरी रस्ते

पहिल्या पायरीवरची सर्वात मोठी अडचण माझ्या मते काळांची नाही, ‘आहे’ या एका शब्दाची आहे. मराठीत हा शब्द पडेल ते काम करतो. पुढची वाक्ये पाहा. मी शिक्षक आहे. मला दोन भाऊ आहेत. मला माहीत आहे. मी जेवतो आहे. मी जेवलो आहे. मला जायचे आहे. घरात पाहुणे आहेत. सात वाक्ये, सातही ठिकाणी ‘आहे’. आता इंग्रजी : आय ॲम अ टीचर. आय हॅव टू ब्रदर्स. आय नो. आय ॲम ईटिंग. आय हॅव ईटन. आय हॅव टू गो. देअर आर गेस्ट्स इन द हाउस. कुठे ‘ॲम’, कुठे ‘हॅव’, कुठे ‘देअर आर’, आणि ‘आय नो’मध्ये तर काहीच नाही.

शाळेत आपल्याला काय शिकवले जाते? ‘ॲम, इज, आर म्हणजे आहे.’ हे अर्धे खरे आहे आणि अर्धे खरे फार त्रास देते. ‘आहे’ म्हणजे ‘ॲम’ असे एकदा डोक्यात बसले, की ‘मला माहीत आहे’चे ‘आय ॲम नोइंग’ होणारच. ‘मला ताप आहे’चे ‘आय ॲम फीवर’ होणारच. आणि पुढे मनातल्या मनात प्रत्येक वाक्याला एक ‘ॲम’ चिकटतो : आय ॲम गो, आय ॲम वर्क, आय ॲम लिव्ह इन सातारा. ताईंच्या ‘आर ड्राइव्ह’मधला ‘आर’ही तिथूनच आलेला.

यावर मी एक साधी खूण सांगतो. मराठी वाक्य ‘मला’ किंवा ‘माझ्याकडे’ने सुरू होत असेल, तर ‘ॲम’ला हात लावण्याआधी थांबा. मला भाऊ आहे, माझ्याकडे गाडी आहे, मला ताप आहे : हे ‘हॅव’चे घर. मला माहीत आहे, मला आवडते, मला हवे आहे : इथे इंग्रजीला स्वतंत्र क्रियापद आहे, ‘नो’, ‘लाइक’, ‘वॉन्ट’, आणि कर्ता ‘आय’. खुणेला अपवाद आहेत. भूक, तहान, भीती ‘ॲम’कडे जातात : आय ॲम हंग्री. पण अपवाद चार-पाच आहेत आणि रोजच्या बोलण्यातले आहेत, ते वापराने बसतात.

इथे स्वतःचे सांगतो. तीसेक वर्षांपूर्वी पुण्यात एका कंपनीत मुलाखतीला गेलो होतो. पहिलेच वाक्य बोललो : ‘आय ॲम बिलाँगिंग टू अ फार्मर फॅमिली.’ समोरच्या दोघांनी एकमेकांकडे पाहिले. पुढची दहा मिनिटे मी काय बोललो, मला आठवत नाही. नोकरी मिळाली नाही, त्याची कारणे आणखीही असतील. पण कित्येक वर्षे मला वाटत राहिले की माझे सगळेच इंग्रजी कच्चे आहे. चूक होती एका नियमाची. नो, लाइक, वॉन्ट, हॅव, बिलाँग ही क्रियापदे कृती सांगत नाहीत, स्थिती सांगतात. माणूस भाकरी खात ‘असतो’, तसा तो एखाद्या कुटुंबातला असणे ‘करत’ नसतो. म्हणून इंग्रजीत त्यांना या अर्थाने ‘इंग’ लागत नाही. दोन मिनिटांची गोष्ट होती, पण दहावीपर्यंत कोणी ती सांगितली नव्हती. आज भारतभर लोक ‘आय ॲम हॅविंग अ डाउट’ म्हणतात आणि कोणाचे काही अडत नाही. मलाही ते ऐकून राग येत नाही. मुलाखतीच्या खोलीत मात्र अजून अडते.

‘डू’चे कोडे आणि आपले ‘जात नाही’

दुसरी मोठी खिंड ‘डू’ची. ‘तो जातो’ म्हणजे ‘ही गोज’, इथवर सगळे येतात. नकार आला की ‘ही डज नॉट गोज’, नाहीतर सरळ ‘ही नॉट गो’. हा ‘डू’ मध्येच येतो कुठून आणि ‘गोज’चा ‘स’ जातो कुठे, हे कोडे वाटते. शिक्षक सांगतात, ‘डज आला की स काढायचा.’ का काढायचा, ते सांगत नाहीत.

उत्तर आपल्याच भाषेत आहे. मोठ्याने म्हणून पाहा : मी जात नाही. तू जात नाहीस. तो जात नाही. ते जात नाहीत. ‘जात’ हा शब्द चारही ठिकाणी तसाच राहिला. बदलला तो ‘नाही’ : नाहीस, नाहीत. होकारात ‘जातो, जातोस, जातात’ असे बदलणारे क्रियापद नकारात गप्प बसते आणि आपले ओझे ‘नाही’च्या खांद्यावर देते. इंग्रजीत नेमके हेच होते. ‘गो’ गप्प बसतो, ओझे ‘डू’ उचलतो : आय डू नॉट गो, ही डज नॉट गो. ‘तो जातो नाही’ असे कोणी मराठी माणूस म्हणतो का? मग ‘ही डज नॉट गोज’ तरी का म्हणायचे? हे एकदा कळले, की ‘स’ कुठे गेला हा प्रश्न उरत नाही.

भूतकाळात मराठी इतकी मदत करत नाही. ‘तो गेला नाही’मध्ये आपण ‘गेला’ तसाच ठेवतो, म्हणून ‘ही डिड नॉट वेंट’ ही चूक इतकी चिवट आहे. तिथे लक्षात ठेवायचे एवढेच, की काळ एकदाच सांगायचा. ‘डिड’ने सांगून झाला, आता ‘गो’ मोकळा.

प्रश्न विचारताना आपण ‘का’ शेवटी ठेवतो : तू चहा पितोस का? इंग्रजीत प्रश्नाची खूण आधीच दाखवावी लागते : डू यू ड्रिंक टी? ज्या वाक्यात ‘ॲम, इज, आर’ आहेत तिथे ‘डू’ची गरज नाही, तेच उडी मारून पुढे येतात : आर यू रेडी? ‘व्हेअर यू आर गोइंग’ हे आपण सर्रास म्हणतो, कारण मराठीत ‘तू कुठे चालला आहेस’ म्हणताना काहीच उडी मारत नाही. फोनवर, दुकानात ते चालून जाते. सुरुवात करणाऱ्याला मी ते लगेच दुरुस्त करायला लावत नाही.

तसेच ‘ही गो’चे. तृतीयपुरुषी एकवचनाला ‘स’ लावायला विसरले म्हणून अर्थ कधी बुडत नाही. पहिल्या महिन्यात या ‘स’वरून कोणाला वाक्याच्या मध्ये थांबवू नये, असे माझे ठाम मत आहे. थांबवलेला माणूस पुढचे वाक्य बोलत नाही.

कुठे इंग्रजी सोपी आहे, तेही सांगा

इंग्रजी अवघड, हे सगळे सांगतात. कुठे सोपी, हे कोणी सांगत नाही. ‘जाणे’चा भूतकाळ घ्या : गेलो, गेले, गेलास, गेलीस, गेलात, गेला, गेली, गेल्या. मराठी मूल पाच वर्षांचे होण्याआधी ही आठ रूपे न चुकता वापरते. इंग्रजीत या सगळ्यांना मिळून एक शब्द : वेंट. बाई गेली तरी वेंट, पुरुष गेला तरी वेंट, दहा जणी गेल्या तरी वेंट. ‘मी पुस्तक वाचले, मी पोथी वाचली, मी ग्रंथ वाचला’ ही कर्माकडे पाहून रूप बदलण्याची कसरतही तिथे नाही. खुर्ची ‘ती’ का आणि टेबल ‘ते’ का, हेही पाठ करायचे नाही. ज्याच्या डोक्यात मराठीचे हे सगळे यंत्र बिनबोभाट चालते, त्याचे डोके ‘इंग्रजीचे नाही’ असे कसे म्हणायचे?

उपपदांचेही तसेच. ‘अ’ आणि ‘द’ मराठीत नाहीत, असे आपण म्हणतो. पण ‘काल एक माणूस आला होता. तो माणूस पुन्हा आलाय’ असे बोलतो, तेव्हा ‘एक’ आणि ‘तो’ बरेचसे तेच काम करतात. पहिल्यांदा ओळख ‘अ’ने, ओळख झाल्यावर ‘द’. पहिल्या पायरीला एवढे पुरे. बाकीचे ‘द’ वाचता वाचता येतात, आणि खरे सांगायचे तर माझेही अधूनमधून चुकतात.

‘अ’ की ‘ॲन’ यात मात्र देवनागरी आपल्याला मोठी सवलत देते. स्पर्धा परीक्षांत हा प्रश्न हमखास येतो आणि मुले इंग्रजी स्पेलिंग पाहून चुकतात. शब्द देवनागरीत लिहा. पहिले अक्षर स्वर असेल तर ‘ॲन’, व्यंजन असेल तर ‘अ’. अवर : ॲन अवर. ऑनेस्ट : ॲन ऑनेस्ट मॅन. युनिव्हर्सिटी ‘य’ने सुरू होते : अ युनिव्हर्सिटी. वन-रुपी नोट ‘व’ने : अ वन-रुपी नोट. आमदार एमएलए, ‘ए’ने : ॲन एमएलए. नियम आवाजाचा आहे आणि आपली लिपी आवाजच लिहिते. या लेखातली सगळी इंग्रजी वाक्ये देवनागरीत आहेत, ती याच कारणाने. सुरुवातीचे व्याकरण कानाचे असते, स्पेलिंगचे ओझे त्यावर लगेच लादू नये.

पहिलीपासून इंग्रजी, तरीही

महाराष्ट्रात 2000 साली, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले. त्याआधी मराठी शाळांत ते पाचवीपासून होते. निर्णयावर तेव्हा खूप वाद झाला. खानावळवाल्या ताई त्या पहिल्या काही तुकड्यांमधल्याच. म्हणजे दहा वर्षे इंग्रजी शिकून त्या दहावी झाल्या आणि ‘माझा नवरा टेम्पो चालवतो’ हे त्यांना सांगता येत नाही. एका माणसावरून साऱ्या राज्याचा निवाडा करू नये, हे मान्य. पण दर रविवारी माझ्यासमोर असेच लोक बसतात.

वर्षे वाढवली, शिकवायची रीत तीच ठेवली, असे मला दिसते. परीक्षेतला ‘डू ॲज डायरेक्टेड’ हा प्रश्न मराठी माध्यमातल्या प्रत्येकाला आठवत असेल. रिमूव्ह ‘टू’. यूज ‘नो सूनर दॅन’. चेंज द व्हॉइस. माझ्या वर्गातला एक तरुण ‘ॲज सून ॲज’चे ‘नो सूनर’ डोळे मिटून करतो. त्याला मी सांगितले, फोनवर कुरिअरवाल्याला सांग की पार्सल मिळाले नाही. तो दोन मिनिटे गप्प बसला. ‘आय डिड नॉट गेट द पार्सल’, सहा शब्द. त्याच्या दहा वर्षांच्या अभ्यासक्रमात हे सहाही शब्द होते.

याच्या उलट टोकाला ‘व्याकरण विसरा, बिनधास्त बोला’वाले आहेत. मोबाइलवर त्यांचे व्हिडिओ भरपूर आहेत. भीती घालवायला ते बरे. पण मोठ्या माणसाला नियम कळला की आधार वाटतो. लहान मूल हजारो वाक्ये ऐकून नियम काढते, खानावळ चालवणाऱ्या बाईंकडे तेवढा वेळ नसतो. त्यांना नियमच हवे आहेत, फक्त थोडे आणि मराठीतून समजावलेले. भाषांतराचे ॲप वाक्य देते, कारण देत नाही. कारण कळले नाही तर पुढचे वाक्य पुन्हा ॲपलाच विचारावे लागते.

दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी 1836 साली मराठीचे व्याकरण लिहिले, ते इंग्रजी व्याकरणाच्या धर्तीवर. म्हणजे मराठी व्याकरण इंग्रजीकडे पाहत घडले आणि आज इंग्रजी व्याकरण शिकवताना आपण मराठीकडे पाठ फिरवतो. शिक्षकाने वर्गात मराठी शब्द उच्चारला तर काही शाळांत दंड होतो म्हणे. जुन्या ‘भाषांतर पाठमाले’ची रीत आज कंटाळवाणी वाटेल, पण दोन भाषा शेजारी ठेवून पाहण्याची तिची सवय सोडायला नको होती.

मग बारा काळांचे काय?

पाच पुरेत. रोजचे सांगायला साधा वर्तमान, आत्ता चाललेले सांगायला चालू वर्तमान, झालेले सांगायला साधा भूतकाळ, ‘जेवलोय’सारखे सांगायला ‘हॅव ईटन’ आणि पुढचे सांगायला ‘विल’. यातला ‘हॅव’चा प्रकार थोडा फसवा आहे. ‘मी कालच आलो आहे’ हे मराठीत चालते, पण इंग्रजीत ‘काल’ आला की ‘हॅव’ जातो : आय केम यस्टरडे. एवढे सांभाळले की झाले. उरलेले सात काळ वर्षभराने पाहावेत. काही जण आयुष्यभर त्यांच्याशिवाय सुखाने इंग्रजी बोलतात.

शब्दयोगी अव्ययांचा मात्र शॉर्टकट मला सापडलेला नाही. आपण ‘वर’, ‘खाली’, ‘साठी’ शब्दाच्या मागे जोडतो, इंग्रजी ते पुढे ठेवते : टेबलावर, ऑन द टेबल. क्रम बदलणे सोपे आहे. पण ‘सोमवारी’ला ‘ऑन’, ‘मे महिन्यात’ला ‘इन’, ‘पाच वाजता’ला ‘ॲट’ का, याचे उत्तर ‘तसेच म्हणतात’ यापलीकडे फार जात नाही. ती शब्दासकट पाठ करावीत.

गेल्या रविवारी यावरूनच वाद झाला. ‘मुंबईला जाते’ म्हणजे ‘गो टू मुंबई’, तर ‘घरी जाते’ म्हणजे ‘गो होम’, मध्ये ‘टू’ का नाही, असे ताईंनी विचारले. मी उत्तराची जुळवाजुळव करत होतो, तेवढ्यात त्याच म्हणाल्या, ‘आपण तरी मुंबईला म्हणतो, घराला कुठे म्हणतो? घरी म्हणतो. तसंच असेल.’ मी मान डोलावली. मागच्या बाकावरून निवृत्त कंडक्टर म्हणाले, ‘कोण म्हणतं? आमच्याकडं घरलाच जात्यात.’